सीडी कपाटात, पेनड्राइव्ह गाडीवर

लातूर जिल्हा आणि सीडी ही दोन्ही १९८२ च्या ऑगस्टमधली. उस्मानाबादचे तालुके वेगळे काढून लातूर जिल्हा झाला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला जर्मनीत हॅनोव्हरजवळच्या लांगेनहागेन इथल्या कारखान्यात ‘अ‍ॅबा’ या स्वीडिश गटाच्या ‘द व्हिजिटर्स’ अल्बमच्या सीडी निघू लागल्या. जिल्ह्याची चाळिशी उलटली तरी तो पसरतोच आहे. सीडीचं तसं नाही. गंजगोलाईच्या भोवतीचे सगळे रस्ते पालथे घातले, तर कोरी सीडी एखाद्या कॉम्प्युटरच्या दुकानात धूळ खात सापडेल. गाण्यांची सापडली तर नशीब.

तरीही डीजेच्या धंद्यात नव्यानं उतरणाऱ्या पोरांपुढे सीडीचा प्रश्न येतोच, आणि तो दोन बाजूंनी येतो. एखादा जुना साउंडवाला धंदा गुंडाळतो आणि म्हणतो, दोन सीडी प्लेअर, मिक्सर आणि खोकी भरून सीडी, सगळं मिळून काय द्यायचं ते द्या. दुसरीकडे मोबाइलवर परदेशातल्या मोठ्या डीजेंचे व्हिडिओ दिसतात. त्यांच्यासमोरच्या यंत्राला ‘सीडीजे’ म्हणतात, म्हणजे आत सीडी असणार असा समज होतो. मग वाटतं, आपण लॅपटॉपवर वाजवतो ते कच्चं, खरं काम सीडीवर.

याचं उत्तर सरळ आहे. गाडीवर वाजवण्यासाठी सीडी प्लेअर घेऊ नका. पण खोक्यातल्या सीडी मात्र भंगारात जाऊ देऊ नका. सौद्यात खरी किंमत बहुतेक वेळा त्यांचीच असते.

आधी यंत्राचं बघू. पायोनियर या जपानी कंपनीनं १९९४ साली सीडीजे-५०० काढला. डीजेंचा जीव तेव्हा रेकॉर्डवर होता, त्यामुळे या यंत्राकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. २००१ साली सीडीजे-१००० आला आणि चित्र पालटलं. वरची मोठी चकती हातानं पुढेमागे करून गाणं रेकॉर्डसारखं पकडता येऊ लागलं, आणि जगभरच्या क्लबांत टर्नटेबलशेजारी या पेट्या बसल्या. २००९ च्या सीडीजे-२००० मध्ये सीडी आणि पेनड्राइव्ह दोन्ही चालत. २०१६ साली आलेल्या त्याच्या ‘नेक्सस २’ आवृत्तीतही सीडीची खाच होती. सप्टेंबर २०२० मध्ये सीडीजे-३००० आला. नावात सीडी राहिली, यंत्रातून गेली. व्हिडिओत दिसणारे बहुतेक डीजे पेनड्राइव्ह खोचूनच वाजवत असतात.

नांदेड-लातूरकडे हा मधला टप्पा जवळजवळ झालाच नाही. कॅसेट डेक, मग घरगुती व्हीसीडी प्लेअर, आणि तिथून थेट लॅपटॉपवर ‘व्हर्च्युअल डीजे’, अशी इथल्या गाड्यांची वाट. २००८ साली गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचं रूप पालटत होतं, त्या काळात ‘सीडी रायटिंग करून मिळेल’ ही पाटी गल्लोगल्ली दिसे. पुढे त्याच पाटीवर ‘मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील’ असं रंगवलं गेलं. उत्पादनाचंही तेच झालं. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर ही एके काळी कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक. सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांत विकून तिनं बाजार हलवून सोडला होता. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात निघाली. अमेरिकेत २०२१ साली सीडीची विक्री सतरा वर्षांत पहिल्यांदा वाढली खरी, पण ती संग्राहकांमुळे आणि चाहत्यांमुळे. डीजेंशी तिचा संबंध नाही.

मिरवणुकीच्या गाडीवर सीडी का टिकत नाही, हे तिची रचना पाहिली की कळतं. सीडीवरचं गाणं एका अखंड गुंडाळलेल्या रेघेत असतं. ती उलगडली तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. शेजारच्या दोन फेऱ्यांत अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून जास्त फेऱ्या. ही रेघ वाचायला एक नाजूक भिंग बारीक स्प्रिंगांवर तरंगत असतं, आणि खाली डिस्क मिनिटाला दोनशे ते पाचशे वेळा फिरत असते. आता हे सगळं पिकअपवर ठेवा. मागे अठरा इंची बेसचे डबे, शेजारी जनरेटर, खाली पालिकेचा रस्ता. क्लबमधल्या सीडी प्लेअरांत काही सेकंदांचं गाणं आधीच वाचून ठेवायची सोय असते, आणि जुने साउंडवाले प्लेअरखाली जाड फोमही घालत. पण बेस सलग धडधडत राहिला तर ती साठवणही रिकामी होते, आणि गाणं ऐन रंगात आल्यावर अडखळतं.

त्यात गुलाल. गणपती असो, जयंती असो, निवडणुकीचा निकाल असो, इकडे गुलालाशिवाय मिरवणूक नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत तर भंडारा हवेतच असतो. पेनड्राइव्हच्या खाचेतही ही भुकटी जाते, पण तिथं पुसून काम भागतं. सीडीच्या ट्रेमधून ती भिंगावर बसली की प्लेअर डिस्क ओळखायलाच नकार देतो, आणि वरातीत पेचकस घेऊन पेटी उघडत बसायला वेळ कुणाला आहे?

म्हणजे वाजवण्याचं साधन म्हणून सीडीचा विचार सोडलेला बरा. आवाजाचा उगम म्हणून मात्र ती अजून पहिल्या रांगेत आहे. पण कोणती सीडी, हे आधी पाहावं लागतं. इथंच बहुतेकांची गफलत होते, कारण एकाच आकाराच्या चकतीवर तीन वेगळ्या जातीचा माल असतो.

पहिली जात ऑडिओ सीडी. हिच्यात ७४ ते ८० मिनिटांचा, न दाबलेला, सेकंदाला १,४११ किलोबिटचा आवाज असतो. गाणी वीसेक, पण आवाज पूर्ण. दुसरी एमपी३ सीडी. ‘एका सीडीत शंभर गाणी’ म्हणून टी-सिरीज, सारेगामा अशा कंपन्यांनी दुकानात विकलेली किंवा सायबर कॅफेत लिहून घेतलेली. शंभर-दीडशे गाणी ७०० एमबीत कोंबायची म्हणजे आवाज दाबावाच लागतो. त्यामुळे ती नावाला सीडी, आवाजात साधी एमपी३. तिसरी व्हीसीडी. मराठी लोकगीतं, भक्तिगीतं, जोगव्याची गाणी, जत्रेतल्या लावण्या या तिच्यावर मोठ्या प्रमाणात आल्या. व्हीसीडीतला आवाज २२४ किलोबिटचा असतो आणि पद्धत एमपी३च्या आधीची. ऐकायला वाईट नाही, पण ‘सीडी क्वालिटी’ म्हणावी असाही नाही.

ओळखायचं कसं? डिस्क कॉम्प्युटरात घाला. ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशा फाइली दिसल्या तर ती ऑडिओ सीडी. या फाइलींचा आकार जेमतेम एक केबी दिसतो, कारण त्यांत गाणं नसतंच. गाणं डिस्कवर कुठून सुरू होतं एवढा पत्ता असतो. कित्येक नवशिके या सीडीए फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करतात, गाडीवर जाऊन लावतात आणि प्लेअर बिघडला म्हणून शिव्या देतात. नेहमीची एमपी३ नावं दिसली तर ती एमपी३ सीडी. ती कॉपी-पेस्ट करून मोकळं व्हा. ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइली दिसल्या तर व्हीसीडी. ती व्हीएलसी प्लेअरवर उघडते, आणि तिचा आवाज वेगळा काढून घेता येतो.

इतका खटाटोप कशासाठी, गाणी तर नेटवर फुकट मिळतात, असं कुणी म्हणेल. हिंदी सिनेमाची गाणी मिळतात, ‘झिंगाट’ही मिळतं. पण नांदेड-लातूरच्या डीजेला लागणारी गाणी तेवढीच नसतात. धर्माबाद, बिलोली, देगलूरकडची ऑर्डर असेल तर तेलुगू लागतं. उदगीर, निलंगा भागात कर्नाटकातले पाहुणे आले की कानडीची फर्माईश ठरलेली. किनवट-माहूरकडच्या तांड्यावरच्या लग्नात गोरमाटी गाणी नसतील तर पुढच्या वर्षी तुम्हाला कुणी बोलावणार नाही. १४ एप्रिलला भीमगीतं, आणि त्यातही नुसती नवी रिमिक्स नाहीत. म्हाताऱ्या माणसांना प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा मूळ आवाज हवा असतो. खंडोबाची वाघ्या-मुरळीची गाणी, हळदीची गाणी, कव्वाली हे वेगळंच. यातलं बरंच साहित्य छोट्या कंपन्यांनी कॅसेट, सीडी आणि व्हीसीडीवर काढलं. त्यातल्या काही कंपन्या बंद पडल्या, आणि काही गाणी नेटवर आलीच नाहीत. जी आली त्यातली पुष्कळशी कुणीतरी घरच्या टीव्हीवरून रेकॉर्ड करून चढवलेली, मध्ये कुत्र्याचं भुंकणंही ऐकू येतं.

जुन्या साउंडवाल्याच्या खोक्यात हा खजिना असतो. तो स्वतः त्याला कचरा समजत असेल, तर तुमचा फायदाच.

खोकी घरी आली की एक क्रम पाळा. आधी लिहिलेल्या सीडी, मग छापलेल्या. खालची बाजू चंदेरी असेल तर ती कारखान्यात छापलेली. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक असेल तर ती रायटरवर लिहिलेली. लिहिलेल्या सीडीत गाणं एका रंगद्रव्याच्या थरात जाळून नोंदलेलं असतं, आणि तो रंग ऊन, उष्णता आणि काळ यांनी उडतो. दहा-पंधरा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्याच्या ४२ अंशांत पडलेल्या डिस्कला फार दिवस उरलेले नसतात. डिस्क दिव्यासमोर धरून बघा. सुईनं टोचल्यासारखी उजेडाची छिद्रं दिसली तर तिथला चकाकता थर गेलेला आहे. हा थर खालच्या बाजूला असतो असं लोक समजतात. तो असतो वरच्या, नाव छापलेल्या बाजूला, वार्निशच्या पातळ पापुद्र्याखाली. म्हणून खालच्या बाजूचा ओरखडा बऱ्याचदा परवडतो, पण नावाच्या बाजूचा खरवडा गाणं कायमचं घेऊन जातो. वरचं कागदी लेबल ओढून काढायचा मोह तर अजिबात नको. लेबलाबरोबर गाणंही सुटून येतं.

पुसायची झाली तर मऊ सुती फडकं, साधं पाणी, फार तर साबणाचा एखादा थेंब. फडकं मध्यापासून कडेकडे सरळ ओढा, गोल फिरवू नका. सीडीमध्ये चुका भरून काढायची मोठी ताकद असते; रेघेवरचं सुमारे अडीच मिलिमीटरचं खिंडार ती हिशेबानं पूर्ण बुजवते. आडवा ओरखडा रेघेला क्षणभर कापून जातो, त्यामुळे तो बुजतो. पण गोल फिरवून पुसताना पडलेला ओरखडा रेघेच्याच वाटेनं लांबवर जातो, आणि तिथं तिचा इलाज चालत नाही.

आता गाणी उतरवून घेणं, ज्याला सगळे ‘रिप करणं’ म्हणतात. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो. बाहेरून यूएसबीनं जोडायचा डीव्हीडी रायटर दीड-दोन हजारांच्या आसपास मिळतो, आणि एका खोक्याच्या कामात तो वसूल होतो. विंडोजवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते सुरक्षित पद्धतीत डिस्कचा प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा वाचतं, दोन वाचनं जुळली तरच पुढे जातं, आणि जुळली नाहीत तर कोणत्या गाण्यात कुठे शंका आहे ते सांगतं. खराब डिस्कवर ते तासभरही घेईल. घेऊ द्या. रिप झालेलं गाणं जगातल्या इतरांच्या रिपशी ताडून बघायचीही त्यात सोय आहे. लोकगीतांच्या सीडी बहुधा त्या नोंदीत नसतात, तेव्हा ‘सापडलं नाही’ असं आलं तर घाबरायचं कारण नाही. विंडोज मीडिया प्लेअरनंही काम होतं, पण त्याच्या जुन्या आवृत्त्या मुळात डब्ल्यूएमए फाइल बनवतात आणि डीजेचे प्लेअर ती वाचत नाहीत. सेटिंग आधी बदला.

कोणत्या रूपात ठेवायचं? घरच्या हार्ड डिस्कवर फ्लॅक. मूळ आवाजातला कणही न गमावता ते जागा साधारण निम्म्यावर आणतं. गाडीवरच्या पेनड्राइव्हसाठी ३२० किलोबिटचं एमपी३ पुरेसं आहे. सीडीजे-३००० किंवा नेक्सस २ फ्लॅक वाचतात. त्याआधीचे सीडीजे वाचत नाहीत, त्यांना वेव्ह, एआयएफएफ, एएसी किंवा एमपी३च द्यावं लागतं. आणि नावं लगेच घाला. ‘ट्रॅक०७’ असं ठेवलेलं गाणं हरवल्यातच जमा. गायक, गाणं, सीडीचं नाव एवढं तरी फाइलला हवं, आणि फोल्डर प्रसंगावरून: हळद, परण्या, वरात, जयंती, खंडोबा, गोरमाटी, तेलुगू. जुन्या प्लेअरच्या पडद्यावर देवनागरी अक्षरांऐवजी अनेकदा चौकोन दिसतात, म्हणून फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवलेलं सोयीचं पडतं.

हिशेब असा. साडेतीन मिनिटांचं गाणं सीडीच्या पूर्ण आवाजात सुमारे ३७ एमबी, ३२० च्या एमपी३त साडेआठ. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर पूर्ण आवाजातली दीड हजारांहून जास्त किंवा एमपी३ सात हजारांहून जास्त गाणी बसतात. खिशात मावणाऱ्या या तुकड्यासमोर खोकंभर सीडी गाडीवर चढवण्यात अर्थ नाही.

दर्जाबद्दल थोडं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण या धंद्यात ‘३२०’ हा आकडा मंत्रासारखा म्हटला जातो. यूट्यूबवरून उतरवलेलं गाणं ३२० मध्ये बदललं म्हणून ते ३२० चं होत नाही. गेलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. तेच गाणं सीडीवर लिहून वाजवलं तरी फरक पडत नाही, आणि हा उपाय म्हणून सांगणारे लोक अजून भेटतात. खात्री करायची असेल तर ‘स्पेक’ हे छोटं फुकट सॉफ्टवेअर घ्या. गाणं त्यावर टाकलं की आवाजाचा रंगीत नकाशा उमटतो. सीडीवरून आलेल्या गाण्यात रंग वर २० ते २२ किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. फार दाबलेल्या गाण्यात १६ च्या आसपास सुरीनं कापल्यासारखी आडवी रेघ असते आणि वर नुसता काळोख. फाइलीच्या नावात ३२० लिहिलेलं आणि नकाशा १६ ला संपलेला, असं दिसलं की तुम्हाला काय विकलं गेलं ते कळतं.

रस्त्यावरच्या मिरवणुकीत हा फरक शंभरातल्या दोघांना जाणवेल. लॉन्सवर, हॉलमध्ये, संगीताच्या कार्यक्रमात मात्र तो सगळ्यांना जाणवतो, भले त्यांना कारण सांगता येणार नाही. गाणं कर्कश लागतं आणि लोक ‘आवाज कमी करा’ म्हणतात. दुसरा तोटा खिशाला बसतो. जुन्या सीडीवरचा आवाज मुळात हळू असतो, कारण त्या काळी गाणी आजच्याइतकी ठासून भरत नसत. नव्या रिमिक्सनंतर ती लावली की पडल्यासारखी वाटतात आणि ऑपरेटर मिक्सर लाल दिव्यापर्यंत नेतो. तसं करू नका. त्या चॅनेलचा गेन आधी हेडफोनवर जुळवून घ्या. तुटका आवाज टॉपच्या ड्रायव्हरची पातळ चकती जाळतो, आणि तिची किंमत पुढच्या ऑर्डरच्या बयाण्यातून जाते.

पेनड्राइव्हवर विसंबायचं तर त्याचीही शिस्त हवी. दोन घ्या, वेगवेगळ्या कंपनीचे, दोन्हींवर तीच गाणी. जुन्या प्लेअरांना फॅट३२ हीच मांडणी कळते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर हा पर्याय दिसत नाही, त्यासाठी ‘रुफस’सारखं साधन वापरावं लागतं. स्वस्तात मिळालेला २५६ जीबीचा पेनड्राइव्ह आतून आठचाही निघतो, आणि वरची गाणी वरातीतच गायब होतात. घरी ‘एच२टेस्टडब्ल्यू’नं एकदा भरून-तपासून घ्या. ज्या पेनड्राइव्हवर झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढता, तो गाडीवर नकोच. आणि मोबाइलच्या नेटवरून थेट गाणी वाजवण्याचा विचार विसर्जनाच्या दिवशी करू नका; गर्दीत नेट रांगतं.

मग आणीबाणीसाठी एखादी सीडी सोबत असावी का? नाही. लॅपटॉप बंद पडला तर पेनड्राइव्ह चालणारा साधा प्लेअर किंवा गाणी आत साठवलेला मोबाइल आणि एक चांगली केबल, हा आधार सीडीपेक्षा भरवशाचा आहे.

कायद्याच्या बाबतीत सीडीमुळे काही सुटत नाही. मूळ सीडी विकत घेतली म्हणून ती चारचौघांत वाजवायचा हक्क मिळत नाही. कव्हरच्या मागे बारीक अक्षरांत ते छापलेलंच असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खरोखरच्या धार्मिक समारंभांना सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ धरले आहेत. हॉटेलातली ३१ डिसेंबरची पार्टी किंवा तिकीट लावलेला कार्यक्रम यात येत नाही. तिथं परवाना कुणी काढायचा हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या. आवाजाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि वस्तीत दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. पोलिसांच्या मीटरला सीडी काय आणि पेनड्राइव्ह काय, सारखंच. लातुरात तर घराघरात कुणीतरी नीटचा किंवा बारावीचा अभ्यास करत असतं; क्लासच्या भागात फेब्रुवारी ते मे आवाजावरून वाद होण्याआधी आपणच बटण खाली घ्यावं.

सीडी प्लेअर घ्यावा असं एकच कारण उरतं, ते शिकण्याचं. जुन्या पेट्यांवर गाण्याच्या लाटा दिसणारा पडदा नसतो, ताल आपोआप जुळवणारं बटण नसतं. दोन गाणी कानानंच जुळवावी लागतात आणि कान तयार होतो. हे खरं आहे. पण तीस-पस्तीस हजारांच्या घरातल्या डीडीजे-एफएलएक्स४ सारख्या कंट्रोलरवर सिंकचं बटण वापरायचं नाही आणि लॅपटॉपचा पडदा झाकायचा, एवढं ठरवलं तरी तोच रियाज होतो, आणि तो कंट्रोलर कार्यक्रमालाही नेता येतो.

एवढं वाचूनही जुनी जोडी स्वस्तात मिळते म्हणून घ्यायचीच असेल, तर मॉडेल नीट पाहा. सीडीजे-१००० आणि त्याची दुसरी आवृत्ती एमपी३ वाचत नाहीत. २००६ ची तिसरी वाचते. २००७ च्या सीडीजे-४०० पासून यूएसबी आलं. सीडीजे-३५०, ८५० आणि २००० यांत सीडीबरोबर पेनड्राइव्हही चालतो, घ्यायचेच तर यातले. बघायला जाताना तीन डिस्क न्या: छापलेली ऑडिओ सीडी, काठापर्यंत भरून लिहिलेली सीडी आणि फोल्डर केलेली एमपी३ सीडी. लिहिलेली सीडी छापलेलीपेक्षा कमी उजेड परत फेकते, म्हणून म्हातारा लेझर आधी तिच्यावर हरतो. तिचं शेवटचं गाणं लावा, कारण ते बाहेरच्या काठावर असतं आणि खराबी तिथंच आधी दिसते. गाणं चालू असताना टेबलावर दोन-चार थापा मारा. यूएसबीची खाच हलवून पाहा. सौद्याला शक्यतो आषाढात जा. लग्नाचे मुहूर्त संपलेले असतात, गणपती अजून लांब असतो आणि विकणाऱ्याला पैशाची निकड असते.